मोठी संख्या उलगडायची कशी? १२३४५६७८९ हातात घेऊन, पायरीपायरीने

नऊ-दहा अंकी संख्या समोर ठेवून कुणी म्हणालं, "हिच्याबद्दल काय सांगता येईल?" तर सम की विषम एवढं बघून आपण थांबतो, किंवा थेट संगणकाला विचारतो. या दोन्हींच्या मधे बरंच काही आहे, आणि ते कागद-पेन्सिलीने जमतं. त्यासाठी फार गणित यावं लागत नाही. कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं नंतर, हे मात्र कळावं लागतं. क्रम चुकला तर पाचशे भागाकार करावे लागतात आणि क्रम साधला तर दोन ओळींत काम होतं. हे मी वाढवून सांगत नाही, पुढे आकडेच दिसतील.

उदाहरण म्हणून १२३४५६७८९ घेऊ. पाठ करावी लागत नाही आणि दिसायला साधी आहे, पण आत काय दडलंय याचा बाहेरून पत्ता लागत नाही. तुम्ही शेजारी स्वतःच्या आवडीची दुसरी एखादी संख्या घेऊन तेच करत गेलात तर उत्तम.

आधी संख्या नीट मांडा

आपल्या पद्धतीने ही संख्या १२,३४,५६,७८९, म्हणजे बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. वाचायला हे स्वल्पविराम सोयीचे, पण विभाज्यतेच्या काही कसोट्यांना उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात, काहींना दोन-दोनचे, काहींना चार-चारचे. म्हणून कागदावर संख्या एकदा स्वल्पविरामाशिवाय लिहा आणि गट दर वेळी उजवीकडून नव्याने पाडा. कोटी-लाखांच्या स्वल्पविरामांवर विसंबून ७ किंवा १३ ची कसोटी लावली तर उत्तर चुकणारच.

आकाराचा अंदाजही आताच घ्या. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ येतो, तेव्हा आपल्या संख्येचं वर्गमूळ ११,१११ च्या किंचित पुढे आहे. हा आकडा महत्त्वाचा, कारण संख्या संयुक्त असेल तर तिचा किमान एक मूळ अवयव वर्गमूळाहून मोठा नसतो. त्यापलीकडे शोधत बसायचं कारण नाही.

फुकटात मिळणाऱ्या कसोट्या

शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. इथे थांबून भागून टाकायचं:

१२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१

लहान अवयव सापडला की लगेच काढून घ्यायचा आणि पुढचं सगळं उरलेल्या भागावर करायचं. उरलेल्या १३७१७४२१ च्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ आणखी एकदाही जात नाही. ३ हा अवयव बरोबर दोनदा येतो, हे नक्की झालं.

आता तीन-तीनचे गट. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे एकाच वजाबाकीत तीन कसोट्या होतात. उजवीकडून गट: ४२१, ७१७, १३. आळीपाळीने अधिक-उणे करा: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. उणे चिन्ह विसरा. २८३ ला ७ ने भागलं तर बाकी ३, ११ ने ८, १३ ने १०. तिन्ही बाद.

त्याच गटांची नुसती बेरीज केली तर ९९९ ची कसोटी होते, आणि ९९९ मध्ये ३७ लपलेला आहे. ४२१ + ७१७ + १३ = ११५१, म्हणजे १ + १५१ = १५२. ३७ चौक १४८, बाकी ४. ३७ बाद.

दोन-दोनचे गट आळीपाळीने: २१ − ७४ + ७१ − १३ = ५. म्हणजे १०१ बाद. चार-चारचे गट: ७४२१ − १३७१ = ६०५०. ही १०००१ ची कसोटी, आणि १०००१ = ७३ × १३७. ६०५० ला ७३ ने भागून बाकी ६४, १३७ ने २२. दोन्ही बाद. पाच-पाचच्या गटांच्या बेरजेतून ४१ आणि २७१ तपासता येतात: १७४२१ + १३७ = १७५५८, बाक्या अनुक्रमे १० आणि २१४. तेही गेले.

शाळेत या कसोट्या ११ पाशी थांबतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. १०, १००, १००० यांच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे असलेल्या संख्येचे अवयव पाहिले की नवी कसोटी आपोआप तयार होते, पाठांतर करावं लागत नाही.

आता पुढे काय? १७, १९, २३, २९ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं? उरलेल्या संख्येचं वर्गमूळ ३७०३ च्या पुढे आहे. तिथपर्यंत पाचशेहून जास्त मूळ संख्या आहेत. थोडं थांबा.

वर्ग आहे का, घन आहे का

ही तपासणी लोक विसरतात. मूळ संख्येचा वर्ग असलेली संख्या भागत बसलात तर अवयव सगळ्यात शेवटी सापडतो, वर्गमूळ काढलं असतं तर एका मिनिटात सुटका झाली असती.

पूर्ण वर्गासाठी चाळण्या आहेत. शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्ग नाही. विषम वर्गाचा दशकस्थानचा अंक नेहमी सम असतो. विषम वर्गाला ८ ने भागलं तर बाकी नेहमी १ राहते. आपली १२३४५६७८९ पहिल्या दोन चाळण्यांतून सुटते (एककस्थानी ९, दशकस्थानी ८), तिसरीत अडकते: ७८९ ला ८ ने भागून बाकी ५. म्हणजे ती पूर्ण वर्ग नाही, आणि त्यासाठी वर्गमूळ काढायचीही गरज पडली नाही. घनाचा प्रश्न तर आधीच सुटला आहे. घन असती तर ३ हा अवयव तीनच्या पटीत आला असता, इथे तो दोनदाच आहे.

वरून उतरायला सुरुवात करा

आतापर्यंत आपण खालून, लहान अवयवांकडून वर चाललो होतो. दुसरी वाट वर्गमूळापासून निघते. विषम संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ते वर्गमूळाच्याही जवळ असतात, आणि अशी संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. वर्गांतर सापडलं की अवयव सापडले, कारण दोन वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी.

युरोपात ही रीत सतराव्या शतकातल्या पिएर द फर्माच्या नावाने ओळखली जाते. पण नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त हीच रीत दिलेली आहे, आणि हाताने करायला त्यांची मांडणी जास्त सोयीची आहे, कारण दर पायरीला नवा वर्ग काढावा लागत नाही. ती अशी:

संख्येच्या आतला सगळ्यात मोठा पूर्ण वर्ग काढा. त्याचं मूळ म्हणजे 'मूळांक' आणि वर्ग वजा करून उरेल ती 'बाकी' म्हणू. मूळांकाची दुप्पट अधिक एक, त्यातून बाकी वजा करा. आलेली संख्या पूर्ण वर्ग असेल तर काम झालं. नसेल तर तिच्यात मूळांकाची दुप्पट अधिक ३ मिळवा, पुन्हा तपासा. मग दुप्पट अधिक ५, मग ७. प्रत्येक वेळी मिळवायची संख्या फक्त दोनने वाढते.

१३७१७४२१ वर चालवून बघू. ३७०० चा वर्ग १३६९००००. उरले २७४२१. ३७०० ची दुप्पट ७४००, ती २७४२१ मध्ये तीनदा बसते: ३ × ७४०० + ९ = २२२०९. म्हणून मूळांक ३७०३ आणि बाकी २७४२१ − २२२०९ = ५२१२.

पहिली ओळ: ७४०७ − ५२१२ = २१९५. विषम संख्या, दशकस्थानी ९ हा विषम अंक. पूर्ण वर्ग नाही.

दुसरी ओळ: २१९५ + ७४०९ = ९६०४. हा ९८ चा वर्ग!

दुसऱ्या ओळीत आपण ३७०५ वर आहोत (३७०३ नंतर दोन पावलं). म्हणजे १३७१७४२१ = ३७०५ चा वर्ग उणे ९८ चा वर्ग. अवयव: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

१३७१७४२१ = ३६०७ × ३८०३

खालून वर जात भागत बसलो असतो तर ३६०७ ही मूळ संख्यांच्या रांगेत पाचशे चौथी आहे. त्या आधीचे सगळे भागाकार वाया गेले असते.

या रीतीची गंमत अशी की ९ न काढता सरळ १२३४५६७८९ वर चालवली असती तरी चौथ्या ओळीत उत्तर आलं असतं: ११११५ चा वर्ग उणे २९४ चा वर्ग. त्यातून १०८२१ × ११४०९ मिळतात, आणि दोन्हींतून एकेक ३ बाहेर काढावा लागतो.

तुकडे मूळ आहेत का, हे सोडून देऊ नका

अवयव मिळाले म्हणजे मूळ अवयव मिळाले असं नाही. ३६०७ चं वर्गमूळ ६० च्या जरा पुढे, ३८०३ चं ६१ च्या जरा पुढे. तेव्हा अनुक्रमे ५९ आणि ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३, ३७ आणि ४१ आधीच बाद आहेत, कारण त्यांनी तुकड्याला भाग गेला असता तर पूर्ण संख्येलाही गेला असता. उरल्या १७, १९, २३, २९, ३१, ४३, ४७, ५३, ५९ आणि ३८०३ साठी ६१. तोंडी करण्यासारखं काम आहे. ३६०४ ला १७ आणि ५३ दोन्हींनी भाग जातो (१७ × ४ × ५३), म्हणून ३६०७ ला दोन्हींनी बाकी ३. ५९ × ६१ = ३५९९, म्हणजे ५९ ने बाकी ८. ३८०० ला १९ ने भाग जातो, ३८०३ ला बाकी ३. बाकीचे भागाकार स्वतः करून बघा. एकही निःशेष जात नाही.

म्हणून १२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३, आणि चारही मूळ.

एकदा पडताळा घ्या. नवाने: ३६०७ ची अंकबेरीज अखेर ७, ३८०३ ची ५, गुणाकार ३५, म्हणजे ८. तिकडे १३७१७४२१ ची २६, म्हणजे ८. जुळलं. पण एवढ्यावर विसंबू नका. लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाचा पडताळा ती पकडत नाही, कारण बेरीज तीच राहते. शेजारच्या अंकांची अदलाबदल अकराचा पडताळा पकडतो. ३६०७ ला ११ ने बाकी १०, ३८०३ ला ८, गुणाकार ८० ची बाकी ३, आणि १३७१७४२१ ची बाकीही ३. दोन्ही पडताळे जुळले की मी निश्चिंत होतो.

आता गुणधर्म भराभर बाहेर पडतात

मूळ अवयव हातात आले की बाकीचं जवळजवळ सगळं गुणाकाराचं काम उरतं. म्हणूनच एवढा वेळ तिकडे घालवला.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा येतो त्यात एक मिळवायचा आणि गुणायचं. ३ दोनदा, इतर एकेकदा: ३ × २ × २ = १२. हे बारा विभाजक चढत्या क्रमाने असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि ती संख्या स्वतः. ९ नंतर एकदम ३६०७ वर उडी आहे. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या संख्येच्या पोटात एवढी मोठी मोकळी जागा आहे.

विभाजकांची बेरीज? ३ साठी १ + ३ + ९ = १३, ३६०७ साठी ३६०८, ३८०३ साठी ३८०४. गुणाकार: १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ५,४९,६६,०२७ उरतात. ही बेरीज आपल्या संख्येच्या निम्म्याहूनही कमी आहे. परिपूर्ण संख्येत (६ किंवा २८ सारख्या) ती संख्येइतकी असते. इथे खूपच कमी पडते.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? हे ऑयलरचं फाय फल. ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. शेकडा ६६.६३ च्या आसपास. तीनपैकी दोन संख्या सहमूळ असणारच होत्या, कारण दर तिसऱ्या संख्येला ३ ने भाग जातो. ३६०७ आणि ३८०३ इतके मोठे आहेत की त्यांनी फारसा फरक पडला नाही.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा प्रश्न: ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? घाईची कसोटी अशी की ४ ने भागून बाकी ३ आली तर येणार नाही. इथे ८९ ला ४ ने भागून बाकी १, म्हणजे दार उघडं दिसतं. पण पूर्ण नियम अवयवांवर चालतो: ४ ने भागून बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ३ दोनदा येतो, ठीक. ३६०७ ची बाकी ३ आणि तो एकदाच. ३८०३ चंही तसंच. दोन दोषी अवयवांनी मिळून १ बाकी तयार केली आणि घाईच्या कसोटीला चकवलं. उत्तर: नाही, दोन वर्गांची बेरीज होत नाही. तीन वर्गांची मात्र होते. लजांद्रच्या प्रमेयानुसार शक्य तितक्या वेळा ४ ने भागल्यावर उरलेल्या संख्येला ८ ने भागून बाकी ७ आली तरच तीन वर्ग पुरत नाहीत, आणि आपली बाकी ५ आहे. चार वर्ग तर कोणत्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं.

वर्गांतर म्हणून ती किती प्रकारे लिहिता येईल? विषम संख्येसाठी विभाजकांच्या जोड्या मोजायच्या: बारा विभाजक, सहा जोड्या, सहा प्रकार. लागोपाठच्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून? विषम विभाजक जितके तितके प्रकार, म्हणजे बारा, आणि त्यात एकट्या संख्येचा प्रकार धरलेला आहे. दोन सोपे: ६१७२८३९४ + ६१७२८३९५, आणि ४११५२२६२ + ४११५२२६३ + ४११५२२६४.

अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म मी शेवटी ठेवतो, कारण दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत संख्या लिहिली की ते बदलतात. तरी एक बघूच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'हर्षद संख्या' म्हटलं. इथे बेरीज ४५. ९ ने भाग जातो पण ५ ने नाही, तेव्हा ही हर्षद नाही. द्विमान पद्धतीत ती २७ अंकी होते आणि त्यात १६ वेळा १ येतो.

उलटी संख्या, उलटा स्वभाव

हेच अंक उलटे लिहिले तर ९८७६५४३२१. वरची रीत इथेही चालेल असं वाटतं ना?

आधी मसावि काढू. ८ × १२३४५६७८९ = ९८७६५४३१२. उलट्या संख्येत ९ जास्त आहेत. युक्लिडच्या रीतीने बाकी ९, आणि १२३४५६७८९ ला ९ ने भाग जातोच. मसावि ९. म्हणजे ३६०७ किंवा ३८०३ उलट्या संख्येत नाहीत, हे भाग न घालताच कळलं.

९ काढून उरतात १०९७३९३६९. ७, ११, १३ जात नाहीत. १७ जातो: ६४५५२५७. पुन्हा १७ जातो: ३७९७२१, आणि ही मूळ संख्या आहे. खालून चढताना पाच-सहा भागाकारांत मोठा तुकडा मोकळा झाला. याच १०९७३९३६९ वर वर्गांतराची रीत चालवली असती तर १०४७६ पासून १९०००५ पर्यंत जावं लागलं असतं, म्हणजे १,७९,५३० ओळी. अवयवांची जवळात जवळची जोडीसुद्धा २८९ आणि ३७९७२१ इतकी लांब आहे.

एका संख्येत खालून चढणं हरतं, दुसरीत वरून उतरणं. दोन्ही संख्या नऊ अंकी, दोन्हींत तेच अंक. कोणती वाट चालेल हे आधी कळत नाही, म्हणून दोन्हींना थोडा-थोडा वेळ द्यायचा: गट-कसोट्या आणि ५० पर्यंतच्या मूळ संख्या, मग वर्गांतराच्या दहा-वीस ओळी, मग पुन्हा खालून. एकाच वाटेवर हट्टाने बसू नका.

यंत्राकडे कधी वळायचं

बारा-तेरा अंकांपुढे कागद सोडावा, पण यंत्रातले खाचखळगे ओळखून. एक्सेलसारख्या तक्त्यात पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात आणि तक्ता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत दशांश प्रकारात ठेवलेला पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) पर्यंतच खात्रीने अचूक असतो. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण एका तिरक्या रेघेचा भागाकार उत्तर दशांशात देतो. दोन तिरक्या रेघांचा भागाकार आणि पूर्णांकी वर्गमूळाचं फंक्शन वापरा. लिनक्सवर 'फॅक्टर' ही आज्ञा थेट मूळ अवयव देते. स्वतः लिहायचं असेल तर लहान अवयव भागून काढल्यावर पोलार्डची १९७५ सालची ऱ्हो पद्धत घ्या.

मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न अवयव काढण्यापेक्षा कितीतरी सोपा असतो. फर्माचं प्रमेय सांगतं की संख्या मूळ असेल तर, तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पायाच्या (संख्या उणे एक) व्या घाताला तिने भागलं की बाकी १ राहते. बाकी वेगळी आली तर संख्या संयुक्त, अवयव माहीत नसले तरी. उलट मात्र खरं नाही. ३४१ बघा: २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३ × ३४१ + १. म्हणून २ च्या ३४० व्या घाताचीही बाकी १. तरी ३४१ = ११ × ३१. या फसवणुकीवर उपाय म्हणजे मिलर-रबिन कसोटी, याच कसोटीचं जास्त कडक रूप. २, ३, ५, ७, ११ आणि १३ या सहा पायांनी ती लावली तर ३४,७४,७४,९६,६०,३८३ पेक्षा लहान कोणत्याही संख्येसाठी उत्तर शंभर टक्के खात्रीचं असतं. त्यापुढे आकार कितीही वाढला तरी वेगाने आणि खात्रीने उत्तर देणारी रीत तत्त्वतः आहे, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं.

संयुक्त असणं कळणं आणि अवयव कळणं यांत किती अंतर असू शकतं? २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या मेर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून यादीत घातली होती. ती संयुक्त आहे हे ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव हाती आले नाहीत. ते फ्रँक नेल्सन कोलने १९०३ मध्ये जाहीर केले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. आज संगणक हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. तरी आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे (आरएसए म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव काढणं अवघड असतं यावर उभी असलेली, संदेश कुलूपबंद करायची पद्धत) अवयव निघायला २०२० साल उजाडलं, तेही पुष्कळ संगणक एकत्र राबवून. आरएसए कुलूपासाठी दोन मोठ्या मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात असा दंडक आहे. कारण तुम्ही वर पाहिलंच आहे: जवळ असतील तर वर्गांतराची दुसरी ओळच पुरते.

हात बसवायला एक संख्या घ्या. फर्माने १६४३ सालच्या एका पत्रात हीच रीत २०२७६५१२८१ वर चालवली होती. मूळांक ४५०२९, बाकी ४०४४०, पहिली ओळ ९००५९ − ४०४४० = ४९६१९. दशकस्थानी १, म्हणजे वर्ग नाही. पुढच्या ओळीसाठी ९००६१ मिळवा, मग ९००६३, आणि असंच पुढे. उत्तर बाराव्या ओळीत आहे.